ठाण्याच्या बाल्कनीतील स्ट्रॉबेरी: पाने उदंड, फळे मात्र खुरटी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रस्त्यावरील एका सोसायटीत अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या एका भगिनींनी डिसेंबरअखेरीस महाबळेश्वरहून परतताना फळे लागलेली सहा रोपे आणली. बाल्कनी पूर्वेकडे आहे, कबुतरे येऊ नयेत म्हणून तिला जाळी लावलेली आहे आणि पाणी वाया जाऊ नये या विचाराने रोपांना आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी घातले जाते. आता फेब्रुवारीत रोपांना पाने भरपूर आहेत, पण जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळत आहेत, नवी फळे बोराएवढीच राहतात आणि त्यांतील कित्येक एका बाजूने दबलेली निघतात. कोणते खत घालावे आणि ही रोपे पुढच्या वर्षापर्यंत टिकवता येतील का, असे त्यांनी विचारले आहे.

खताविषयीचे उत्तर आधी देतो, कारण त्याबाबत घाई झाली तर रोपे हातची जातील. सध्या या रोपांना कोणतेही खत घालू नये. पाने उदंड आहेत याचाच अर्थ रोप उपाशी नाही. पानांच्या कडा क्षारांमुळे जळत आहेत आणि आपण घातलेले प्रत्येक खत, विशेषतः पाण्यात विरघळणारे रासायनिक खत, मातीतील क्षारांत भरच घालते.

आरओ यंत्र पिण्याच्या पाण्यातील क्षार वेगळे काढते आणि ते सगळे बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्यात जमा होतात, त्यामुळे ते पाणी मूळच्या नळाच्या पाण्यापेक्षा नेहमीच अधिक क्षारयुक्त असते. लादी पुसण्यासाठी किंवा शौचालयात ओतण्यासाठी त्याचा उपयोग अवश्य करावा. काही कणखर झाडे ते बराच काळ सोसतातही. स्ट्रॉबेरी मात्र क्षारांच्या बाबतीत लागवडीखालील पिकांपैकी सर्वांत नाजूक पिकांत मोडते. मातीची क्षारता डेसीसीमन प्रति मीटर या एककात मोजतात. टोमॅटोचे उत्पादन साधारण २.५ च्या पुढे घटू लागते, तर स्ट्रॉबेरीचे १ ओलांडताच. कुंडीत ही पातळी फार लवकर गाठली जाते, कारण पाणी उडून जाते आणि क्षार मातीतच राहतात. आपल्या कुंडीच्या आतल्या कडेला, मातीच्या किंचित वर, पांढरट पापुद्रा धरला आहे का ते पाहावे. तो असेल तर निदानाबद्दल शंका उरत नाही. जुन्या पानांच्या कडा वाळणे हे क्षारांचे लक्षण आहे. नव्याने उलगडणाऱ्या कोवळ्या पानांची टोके काळवंडत असतील तर ते बहुधा कॅल्शियमच्या कमतरतेचे असते, आणि त्याचा उपाय वेगळा आहे.

यावर उपाय म्हणजे माती धुऊन काढणे. कुंड्या न्हाणीघरात किंवा बाल्कनीच्या मोरीजवळ न्याव्यात आणि कुंडीच्या आकारमानाच्या दोन ते तीन पट महापालिकेचे नळाचे पाणी सावकाश, थांबत थांबत मातीवर ओतावे. खालच्या भोकांतून ते पूर्ण निथळू द्यावे आणि ताटलीत साचलेले पाणी फेकून द्यावे, नाहीतर धुऊन काढलेले क्षार माती पुन्हा शोषून घेते. हे काम सकाळी करावे, म्हणजे दिवसभरात माती जरा हलकी होते. ज्या सोसायट्यांत टँकरचे किंवा बोअरचे पाणी येते, आणि ठाणे व नवी मुंबईच्या नव्या वसाहतींत अशा सोसायट्या बऱ्याच आहेत, तेथे टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या छोट्या यंत्राने, पाणी एकदा तपासावे. आकडा ५०० पीपीएमच्या पुढे असेल तर ते पाणी या रोपाला देऊ नये. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते. ते नळाच्या पाण्यात निम्मे-निम्मे मिसळून घातल्यास उन्हाळ्याच्या तोंडावर मोठी सोय होते.

फळे दबलेली निघण्याचे कारण पूर्णपणे वेगळे आहे. असे एक फळ हातात घेऊन उजेडात निरखून पाहावे, शक्य असल्यास भिंगाखाली. जी बाजू फुगलेली आहे तिच्यावरच्या बिया ठसठशीत आणि एकमेकींपासून अंतरावर दिसतील. जी बाजू आत ओढली गेली आहे तिच्यावर बिया अगदी बारीक, फिकट आणि दाटीवाटीने चिकटलेल्या दिसतील. ज्यांना आपण बिया म्हणतो ती वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने स्ट्रॉबेरीची खरी फळे होत आणि लाल गर म्हणजे फुलाची बैठक फुगून झालेला भाग. प्रत्येक बी धरली गेली की ती ऑक्सिन नावाचे संप्रेरक सोडते आणि त्यामुळे तिच्याभोवतीचा गर वाढतो. जिथे परागकण पोहोचलेच नाहीत तिथे बी धरत नाही, संप्रेरक सुटत नाही आणि गर जागच्या जागी राहतो. म्हणजेच आपली वाकडी फळे रोगट नाहीत, तर त्यांचे परागीभवन अर्धेच झालेले आहे.

स्ट्रॉबेरीचे फूल स्वतःच्याच परागावर धरू शकते, पण पराग सगळ्या भागावर पसरण्यासाठी वारा आणि मधमाशी दोन्हींची मदत लागते. अकराव्या मजल्यावर आणि तेही जाळीआड, मधमाशी फारशी फिरकत नाही. म्हणून हे काम आपल्याला करावे लागेल. दव सुकल्यावर, साधारण सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान, चित्रकलेचा मऊ केसांचा बारीक कुंचला घ्यावा. पाच पांढऱ्या पाकळ्यांच्या मध्यभागी पिवळसर-हिरवा छोटा घुमट असतो, तो स्त्रीकेसरांचा. त्याच्या पायथ्याशी पुंकेसरांचे कडे असते आणि त्यांची टोके ताजी असताना सोनेरी, पराग सांडून गेल्यावर तपकिरी दिसतात. कुंचला आधी या कड्यावरून गोल फिरवावा आणि मग घुमटावर सर्व बाजूंनी हलकेच टेकवावा. घाई केली तर माथ्यावर पराग लागतो आणि बगल कोरडी राहते. तीच बगल पुढे फळावर दबलेली दिसते. एकाच फुलावर लागोपाठ दोन-तीन दिवस हा कुंचला फिरवावा, कारण सगळे स्त्रीकेसर एकाच वेळी तयार होत नाहीत. बाल्कनीतील इतर फुलांवरही तोच कुंचला फिरवला तर बिघडत काही नाही, पण स्ट्रॉबेरीला त्याचा लाभही नाही.

आता फळांच्या आकाराकडे वळू. स्ट्रॉबेरीच्या फुलांचा झुपका एका ठरावीक क्रमाने फुटतो: मधले पहिले फूल सर्वांत मोठे फळ देते, त्याच्या बाजूच्या फांद्यांवरची दुसऱ्या फळीतील फुले त्याहून लहान आणि तिसऱ्या फळीतील आणखी लहान फळे देतात. पर्यटकांना रस्त्याकडेला विकली जाणारी फळांनी लगडलेली रोपे आपल्या हाती येतात तेव्हा त्यांच्या पहिल्या झुपक्याची मोठी फळे आलेली किंवा तोडलेली असतात. त्यामुळे फळे लागलेले रोप विकत घेणे डोळ्यांना सुखावणारे असले तरी मला ते सर्वांत कमी शहाणपणाचे वाटते.

दुसरे कारण हवामानाचे आहे आणि ते टाळता येत नाही. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे आणि ठाणे जवळजवळ समुद्रसपाटीला. दर हजार मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरते असे धरले तर दोन्ही ठिकाणांत आठ-नऊ अंशांचा फरक निव्वळ उंचीमुळे पडतो. आपल्याकडे होणाऱ्या स्ट्रॉबेरीच्या बहुतेक जाती आखूड दिवसांत फुलणाऱ्या आहेत, पण ठाण्यात दिवसाची लांबी ही अडचण नाही. येथील सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा असतो. अडचण रात्रीच्या उष्णतेची आहे. या रोपाला दिवसा २० ते २५ आणि रात्री १० ते १५ अंश तापमान मानवते. ठाण्यात डिसेंबर-जानेवारीतील थंड पहाटेस पारा १६-१८ अंशांपर्यंत उतरतो, म्हणजे आपला सर्वोत्तम काळ हा रोपाच्या दृष्टीने जेमतेम पुरेसा असतो. उष्ण रात्री रोपाने दिवसभरात तयार केलेली साखर श्वसनातच खर्ची पडते, फळ घाईने पिकते आणि लहान व आंबटसर राहते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून हे दिसू लागते आणि मार्चमध्ये वाढत जाते.

म्हणूनच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे: ठाणे-नवी मुंबईत स्ट्रॉबेरी हे एका हिवाळ्याचे पीक समजावे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ज्या महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेथील शेतकरीही शेतातील जुनी रोपे वर्षानुवर्षे राखत नाहीत; पावसाळा सरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यांवर नवी रोपे लावतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत फळे घेतात.

या हंगामातील उरलेल्या दिवसांत काय करावे, ते सांगतो. माती धुतल्यानंतर आठवडाभर फक्त साधे पाणी द्यावे. पूर्णपणे वाळलेली आणि जमिनीला टेकलेली पाने देठासकट कात्रीने कापावीत. ओढून काढल्यास गाभ्याला, म्हणजे पाने जिथून फुटतात त्या आखूड खोडाला, इजा होते. सकाळचे ऊन दहा-साडेदहापर्यंत मिळू द्यावे आणि त्यानंतर ३५ ते ५० टक्के सावली देणारी शेडनेट आडवी लावावी. बाल्कनीची लादी आणि काळी प्लास्टिकची कुंडी दुपारी इतकी तापते की मुळे होरपळतात, म्हणून कुंड्या लोखंडी किंवा लाकडी स्टँडवर उचलून ठेवाव्यात आणि बाहेरून पांढरे कापड किंवा गोणपाट गुंडाळावे. मातीवर भाताच्या पेंढ्याचा दोन बोटे जाडीचा थर द्यावा. त्याने ओल टिकते आणि फळ मातीला लागून कुजत नाही. पाणी रोज सकाळी, झारीचे तोंड पानांखाली धरून, मातीवरच घालावे. संध्याकाळी पाने भिजलेली राहिली की फळांवर राखाडी बुरशी येते. मुळांशी बर्फाचे खडे ठेवण्याचा उपाय काही जण सांगतात. त्याचा परिणाम तासाभरापलीकडे टिकत नाही आणि मुळांना धक्का मात्र बसतो.

आठवड्यानंतर नवे पान निरोगी उलगडले तर १ लिटर पाण्यात १ ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश, म्हणजेच ०:०:५०, दहा दिवसांतून एकदा द्यावे. युरिया किंवा नत्रप्रधान खत आता देऊ नये. त्याने पाने आणखी माजतील आणि फळे मऊ होतील. कोवळ्या पानांची टोके काळी पडत असतील तरच कॅल्शियम नायट्रेट, तेही लिटरला १ ग्रॅम, वेगळ्या दिवशी द्यावे. ते पोटॅशच्या पाण्यात मिसळल्यास जिप्समसारखा साका तळाशी बसतो आणि दोन्ही खते वाया जातात.

किडींपैकी फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कोळी ही एकच खरोखर चिंतेची. पान वरून निस्तेज, बारीक ठिपक्यांचे दिसू लागले की त्याच्याखाली पांढरा कागद धरून पान टिचकावे. हलणारे ठिपके दिसले तर पानांची खालची बाजू पाण्याच्या बारीक फवाऱ्याने सकाळी धुवावी आणि संध्याकाळी लिटरला ५ मिली कडुनिंबाचे तेल व थोडा द्रवरूप साबण मिसळून फवारावे, उमललेली फुले टाळून. भुरीसाठी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीसाठी, गंधक चालते, पण पारा ३० अंशांच्या वर असताना ते फवारल्यास पाने करपतात, त्यामुळे आपल्याकडे या दिवसांत ते न वापरलेलेच बरे. मावा हाताने पुसून निघतो. बुलबुल जाळीमुळे येणार नाहीत.

फळ पूर्ण लाल झाल्याशिवाय तोडू नये. बाजारासाठी शेतकरी ते थोडे आधी तोडतात, कारण त्यांना वाहतूक सांभाळावी लागते. स्ट्रॉबेरी तोडल्यानंतर रंग धरते, पण तिची गोडी वाढत नाही. घरच्या रोपाचा खरा फायदा इथेच आहे. देठाचा अर्धा इंच तुकडा ठेवून कात्रीने कापावे.

पुढच्या हंगामाची तयारी नीट केली तर यंदाच्या बहुतेक अडचणी येणारच नाहीत. ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारचा पारा ३३ ते ३५ अंशांवर असतो, म्हणून तेव्हा लागवडीची घाई करू नये. ऑक्टोबर संपता संपता किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, रात्री जरा उतरू लागल्यावर, फळ नसलेली लहान रोपे आणावीत. फुलांनी डवरलेल्या रोपापेक्षा तीन-चार निरोगी पानांचे, पांढऱ्या मुळांचे आणि घट्ट गाभ्याचे रोप निवडावे. जातींपैकी स्वीट चार्ली आणि विंटर डॉन या फ्लोरिडात तयार झालेल्या जाती लवकर फळ देतात, आणि आपला थंडीचा काळ तोकडा असल्यामुळे कॅमारोसापेक्षा मी त्यांनाच प्राधान्य देईन. पाकिटातून मिळणाऱ्या बियांच्या नादी लागू नये. लागवडीच्या जाती संकरित असल्यामुळे बियांपासून मूळ जातीचे रोप मिळत नाही, बी उगवायला काही आठवडे लागतात आणि निळ्या किंवा काळ्या स्ट्रॉबेरीच्या नावाने विकली जाणारी पाकिटे तर निव्वळ फसवणूक आहे.

माती भुसभुशीत आणि किंचित आम्लधर्मी, ५.५ ते ६.५ सामूची हवी. दोन भाग कोकोपीट, एक भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड हे मिश्रण आपल्या हवेला मानवते. कोकोपीट किनारपट्टीच्या नारळांपासून बनत असल्यामुळे त्यात मीठ असते. ते भिजवून, पिळून, पाणी बदलत तीन वेळा तरी धुतल्याशिवाय वापरू नये. दोन फूट लांबीच्या आयताकृती कुंडीत तीनच रोपे लावावीत, चौथ्याचा मोह टाळावा, कारण दमट हवेत दाटी झाली की बुरशीला आमंत्रण मिळते.

लागवडीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गाभ्याची पातळी; या गाभ्याला शेतकरी क्राऊन म्हणतात. मुळे जिथे संपतात आणि पाने जिथून फुटतात तो जाडसर, आखूड खोडाचा भाग अर्धा मातीत आणि अर्धा मातीबाहेर राहिला पाहिजे. तो गाडला गेला तर मधला कोंब कुजतो. फार वर राहिला तर नवी मुळे हवेत सुकतात. पाणी घातल्यावर माती बसते, म्हणून लावल्यानंतर दोन दिवसांनी ही पातळी पुन्हा तपासावी. आपल्या सध्याच्या सहा रोपांतही हे आजच पाहावे आणि गाभ्यावर चढलेली माती बोटाने बाजूला करावी. नव्या रोपाची पहिल्या तीन आठवड्यांतील फुले खुडावीत, म्हणजे मुळांना जोर येतो. त्यापेक्षा जास्त काळ मात्र खुडू नयेत, कारण थंड रात्री आपल्याकडे मोजक्याच असतात.

एवढे सांगूनही ही रोपे राखून पाहण्याची आपली इच्छा असेल तर सहाही न राखता सर्वांत निरोगी अशी दोन निवडावीत. एप्रिलपासून त्यांना फक्त सकाळचे कोवळे ऊन मिळावे आणि येणारी फुले काढून टाकावीत. मे-जूनमध्ये मोठ्या दिवसांत आणि उष्णतेत त्यांना रनर, म्हणजे जमिनीलगत धावणाऱ्या बारीक फांद्या फुटतील. अशा फांदीच्या दुसऱ्या पेरावर बाळरोप तयार होते. ते फांदी न तोडता शेजारच्या छोट्या कुंडीतील मातीवर तारेच्या चिमट्याने टेकवावे. तीन-चार आठवड्यांत मूळ धरल्यावर फांदी कापावी. पावसाचे थेंब अंगावर पडणार नाहीत अशा जागी, छज्जाखाली, ही बाळरोपे ठेवावीत, कारण कोकणच्या पावसात करपा आणि गाभाकूज स्ट्रॉबेरीला झपाट्याने संपवतात. पानांवर जांभळ्या कडांचे ठिपके किंवा गाभ्यात लालसर कूज दिसलेल्या मातृरोपाची बाळरोपे कधीही ठेवू नयेत; रोग फांदीबरोबर पुढे जातो. यातून वाचलेली रोपे ऑक्टोबर संपता संपता नव्या रोपांच्या जोडीला लावता येतील, त्यांच्याऐवजी नव्हे.

हंगाम संपल्यावर कुंड्यांतील माती फेकून देऊ नये, पण पुढच्या स्ट्रॉबेरीसाठीही वापरू नये, कारण मुळांचे रोग तिच्यात टिकून राहतात. मे महिन्यात ती प्लास्टिकवर पातळ पसरून कडक उन्हात आठ-दहा दिवस वाळवावी, थोडे गांडूळखत मिसळावे आणि जूनमध्ये तिच्यात चवळी किंवा गवार लावावी.